वर कावून बघायलात?

नाताळ मला कळतो. उत्तम शुक्रवार कळतो, पुनरुत्थानाचा रविवारही कळतो. पण स्वर्गारोहणाचा गुरुवार मला कित्येक वर्षं कळला नव्हता, आणि हे मी कोणाजवळ कधी बोललो नव्हतो. मरणातून परत आलेला प्रभू, ज्याला शिष्यांनी हातानं चाचपून पाहिलं, ज्यानं त्यांच्यासमोर बसून भाजलेला मासा खाल्ला, तो चाळीस दिवसांनी पुन्हा निघून जातो. आणि आपण त्या दिवशी गाणी म्हणतो. गेलेलं माणूस परत मिळालं आणि मिळालेलं पुन्हा गेलं, यात आनंद कशाचा करायचा? मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी सगळ्यांबरोबर उभा राहून गात होतो, पण मनात म्हणत होतो की प्रभू, तू इथंच राहिला असतास तर आमचं बरं झालं असतं.

मी माजलगावच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, एका वजनकाट्यावर नोकरी करतो. भरलेली गाडी आधी, रिकामी नंतर, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. काटा शून्यावर आल्याशिवाय मी गाडी वर घेत नाही, मग मागं कितीही हॉर्न वाजोत. हा स्वभाव घरातही तसाच आहे. गॅस बंद केला की नाही ते पुन्हा बघतो, कडी लावली की ओढून बघतो. बायको एस्तेर हसते. पण माझा असा समज होता की आपण नीट लक्ष ठेवलं, तर काही हरवत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वारले आणि त्यानंतर आईची आठवण विरत गेली. सुरुवातीला भाजीत मीठ दोनदा पडायचं. मग नातेवाइकांची नावं गेली. पुढं पुढं ती रोज विचारू लागली, "अण्णा कुठं गेले रं?" मी म्हणायचो, "वर गेले, आई. प्रभूजवळ." ती मान वर करून पत्र्याकडं बघायची आणि थोड्या वेळानं म्हणायची, "कधी यायलेत मग?" खरं तर हाच प्रश्न मी दर वर्षी त्या गुरुवारी प्रभूबद्दल विचारत होतो, फक्त मोठ्यानं नाही.

मग ती घराबाहेर जाऊ लागली. एकदा बसस्थानकावर सापडली. दुसऱ्यांदा कालव्याच्या काठावर, पाण्याकडं तोंड करून उभी. त्या दिवशी मी तिला घरी आणलं आणि बाजारातून कडी आणि कुलूप घेऊन आलो. एस्तेर शाळेत पोषण आहार शिजवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी होती, पण जूनमध्ये शाळा उघडली की सकाळभर आई एकटी राहणार होती. कडी मी दाराला बाहेरून बसवली. कुलूप कपाटात ठेवलं, सुट्टी संपण्याची वाट बघत.

"माणसाला कोंडतात का हो?" एस्तेर म्हणाली.

"मग काय कालव्यात शोधायचं?"

ती आत निघून गेली. मला वाटलं, मुद्दा संपला. पण तो माझ्या छातीत बसून राहिला. रात्री झोपेतसुद्धा मला ती कडी सरकल्याचा आवाज यायचा.

आमची मंडळी लहान आहे, पण तिची एक जुनी रीत आहे. स्वर्गारोहणाच्या दिवशी पहाटे आम्ही दिंद्रुडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं, एका उघड्या डोंगरावर जाऊन प्रार्थना करतो. डोंगराच्या मध्यावर एक सपाट जागा आहे. तिथल्या खडकावर चुन्यानं क्रूस काढलेला आहे, तो आम्ही दर वर्षी पुन्हा रंगवतो. शेवटी साखळी प्रार्थना होते. लहानथोर प्रत्येक जण एकामागून एक प्रार्थना करतो, आणि शेवटच्या माणसाचं आमेन होईपर्यंत कोणीही डोळे उघडत नाही. ही शिस्त आमच्या आजोबांच्या पिढीपासूनची आहे आणि आम्हाला तिचा अभिमान आहे.

या वर्षी आईला न्यावं की नाही यावर आमचं बोलणं झालं. मी नाही म्हणत होतो. एस्तेर म्हणाली, "लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तो डोंगर चुकवला नाही. गाणी अजून तोंडपाठ आहेत त्यांना." हे खरं होतं. माझं नाव विसरायची, पण गाण्याची चार कडवी बिनचूक म्हणायची. म्हणून नेलं.

गल्लीतल्या सलीमभाईचा टेम्पो नेहमीप्रमाणे ठरवला होता. मी मोटरसायकलवर मागं होतो, कारण परस्पर कामावर जायचं होतं. मोजदाद माझ्याकडं असते. जाताना सत्तावीस माणसं. डोंगरावर बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला बसले. आई एस्तेरच्या शेजारी होती, पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, शास्त्रातला त्या दिवसाचा भाग वाचला, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष पाण्याच्या जारकडं होतं. ऊन वर चढत होतं आणि मी मनात हिशेब करत होतो की पाणी पुरेल का. मग साखळी प्रार्थना सुरू झाली. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

आई कोणत्या आमेनच्या वेळी उठली, ते कोणालाही माहीत नाही. सत्तावीस माणसं होती, आणि बघणारं एकही नव्हतं.

एस्तेरनं डोळे उघडले तेव्हा आई शेजारी नव्हती. तिला वाटलं, मी नेली असेल, कारण प्रार्थनेत मध्येच उठून आईला पाणी पाजायला नेण्याची माझी सवय आहे. स्वतःच्या गुडघ्याच्या दुखण्यामुळं एस्तेर हळूहळू खाली उतरून ड्रायव्हरशेजारी बसली. मी घाईघाईनं जार उतरवून मोटरसायकलजवळ आलो, तर टेम्पोत मागून एक म्हातारी चढताना दिसली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, पाठ माझ्याकडं. सलीमभाईनं हात देऊन वर घेतलं. मी बोट दाखवत डोकी मोजली. उन्हामुळं सगळ्या बायकांनी पदर कपाळापर्यंत ओढले होते. सत्तावीस.

"आई बसल्या का?" एस्तेरनं पुढून विचारलं.

"हो. सत्तावीस झाले," मी म्हणालो.

दिंद्रुडच्या स्टँडवर टेम्पो थांबला. मागून ती म्हातारी उतरली, पदर सावरला आणि सलीमभाईला म्हणाली, "लई उपकार झाले बाबा." मी गाडीवर बसूनच तिचा चेहरा पाहिला. त्या चेहऱ्याशी माझी काही ओळख नव्हती.

"सलीमभाई, ही कोण?"

"डोंगराखालच्या वस्तीवरली मावशी हाय. दवाखान्यात चालली. बसू का म्हणली, म्या म्हणलं बसा."

"मग माझी आई कुठंय?"

एस्तेर दार उघडून खाली उतरली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात."

माझा आकडा बरोबर होता. माणूस चुकलं होतं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर मी विसंबून होतो, तिनंच मला तोंडावर पाडलं होतं, आणि वाईट वाटायलाही वेळ नव्हता. ते मे महिन्याचं ऊन. तो डोंगर उघडा, करवंदीचीसुद्धा सावली नाही. पलीकडं कडा आहे, खाली कठडा नसलेल्या विहिरी आहेत. आईला साखरेचा आजार, सकाळपासून पोटात फक्त चहा आणि बिस्किट. मी पाळकांना मागं बसवलं आणि गाडी फिरवली. टेम्पो मागून येत होता. वाटेत पाळक काहीतरी प्रार्थना पुटपुटत होते. मला एकही शब्द ऐकू आला नाही. माझ्या डोक्यात फक्त एक वाक्य फिरत होतं, जे मीच तिला रोज शिकवलं होतं: वर गेले, आई. वर गेले.

म्हणून मी तिला वरच शोधत होतो. माझी खात्री होती की ती अण्णांच्या मागं वर गेली असणार. पाळकांना क्रुसाच्या खडकापाशी सोडून मी एकटा माथ्याकडं चढलो. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकली. आई, आई म्हणून ओरडत होतो. माथ्यावर पोचलो. तिथं काही नव्हतं. दगड, वाळकं गवत आणि डोळे न उघडू देणारं आकाश. कड्याच्या टोकापर्यंत जाऊन खाली बघण्याचं धाडस होईना. मी तिथंच गुडघ्यावर बसलो. जे बोललो त्याला प्रार्थना म्हणावी की भांडण, मला ठरवता येत नाही. "तू इथे असतास तर हे झालं नसतं," एवढंच म्हणत राहिलो. शुभवर्तमानात भाऊ वारल्यावर लाजाराच्या बहिणीनंही प्रभूला असंच काहीसं म्हटलं होतं, पण तिच्यासमोर तो उभा तरी होता. माझ्यासमोर रिकामं आकाश होतं आणि मी त्या आकाशाकडं तोंड करून ओरडत होतो.

तेव्हा खालून आवाज आला.

"ओ पाव्हणं! वर कावून बघायलात? म्हातारी खाली हाय!"

मी वळून पाहिलं. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, जिथं उतार सौम्य आहे, दोन माणसं वर चढत येत होती. दोघंही वयस्कर, चेहऱ्यावरून भाऊभाऊ. दोघांच्याही अंगावर पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरी टोपी. उन्हात त्यांच्याकडं नीट बघवत नव्हतं. मी अडखळत, निम्मा घसरत त्यांच्यापर्यंत गेलो.

"तुमचीच हाय का म्हातारी?" थोरला म्हणाला. "नाव इचारलं तर सांगंना. गाणंच म्हणायली. सकाळी वरून तसाच आवाज आलता, म्हणून म्हणलं हिची माणसं वर असत्याल, बघून येवं."

धाकट्याच्या गालात तंबाखूची गोळी होती. तो बाजूला थुंकला आणि माझ्या अनवाणी पायाकडं बघत म्हणाला, "गाडीभर माणसं आलतात अन् एक आई मोजून नेता येईना का बे?"

"गप रं," थोरला म्हणाला. "भ्यालंय ते माणूस."

मला त्याचं बोलणं लागलं नाही. माझ्याबद्दल इतकं नेमकं कोणी कधी बोललं नव्हतं.

खाली त्यांचा आखाडा होता, म्हणजे शेतातलं राहतं घर. चिंचेच्या सावलीत आई बसली होती. पाय पाण्याच्या घमेल्यात, शेजारी ताकाचा रिकामा तांब्या, आणि पुढ्यात एक लहान मुलगी. आई तिची वेणी घालत होती. आठवण नसलेल्या त्या बोटांनी तीन पेड इतके सरळ घातले होते की मी बघत राहिलो. घरातल्या बायका नवी लुगडी नेसून उंबऱ्यात ताटकळल्या होत्या. त्या सगळ्यांना लग्नाला जायचं होतं. भावकीतलंच लग्न होतं, आणि एका अनोळखी म्हातारीला एकटं कसं टाकायचं म्हणून ते सगळं घर थांबलं होतं.

मी आईच्या पायाशी बसलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे, पण रागावली मात्र आपल्या लेकरावर रागवावं तशी.

"कुठं होतास रं एवढा वेळ?"

"तुला वर शोधत होतो, आई."

"वर?" ती म्हणाली. "म्या जाऊन आले की वर. तिथं कोणी न्हाई, नुसतं ऊन हाय. हितं माणसं दिसली, म्हणून खाली आले." आणि पुन्हा वेणी घालू लागली.

तेवढ्यात क्रुसाच्या खडकापाशी निरोप पोचला आणि टेम्पो पाळकांना घेऊन दुसऱ्या वाटेनं आखाड्यावर आला. एस्तेर लंगडत उतरली, आईच्या गळ्यात पडली आणि मग पहिल्यांदा रडली. मी त्या दोघा भावांची माफी मागू लागलो, तुमचं लग्न चुकलं म्हणून. थोरला हसला. "अक्षता चुकल्या तर चुकल्या, जेवायला पोचतोच की." त्यांच्या घरच्या बायकांनी आईच्या पदरात वाटेसाठी भाकरी बांधून दिली. कोणाच्या, कुठल्या देवाच्या, हे कोणी विचारलं नाही. सलीमभाईनं त्या सगळ्यांना टेम्पोत घेतलं आणि लग्नघरापर्यंत नेऊन सोडलं. आमची मंडळी हौद्यात दाटीवाटीनं उभी राहिली. त्या वेळी मी कोणालाही मोजलं नाही.

परतीच्या वाटेवर मी मोटरसायकल एका तरुणाला दिली आणि आईजवळ टेम्पोत बसलो. तिचं मनगट मी घट्ट धरलं होतं. एस्तेर बराच वेळ माझ्याकडं बघत होती.

"सकाळचं वाचन ऐकलं होतं का तुम्ही?" तिनं विचारलं.

"पाण्याकडं बघत होतो."

"वाटलंच." आणि मग तिनं हळू आवाजात सांगितलं. प्रभू मेघाआड झाल्यावर शिष्य आकाशाकडं टक लावून उभे असतात. तेव्हा शुभ्र कपड्यांतली दोन माणसं त्यांच्याजवळ येतात आणि विचारतात, की तुम्ही वर बघत का उभे आहात.

माझ्या अंगावर काटा आला. समोर बसलेले पाळक हसले आणि मग एकदम गंभीर झाले.

मी त्या दोघांना देवदूत म्हणणार नाही. ते शेतकरी होते, लग्नाला निघाले होते म्हणून धुतलेले कपडे घातले होते, आणि एकाच्या तोंडात तंबाखू होती. ज्याचं वजन करता येत नाही त्याचा आकडा मी लिहीत नाही. पण एवढं लिहितो की मी माथ्यावर पोचून ओरडायच्या आधीच माझ्या आईला पाणी मिळालं होतं, सावली मिळाली होती, आणि हाताला काम मिळालं होतं. मी ज्याला तू इथे नाहीस म्हणून दोष देत होतो, तो माझ्या आधी खाली जाऊन बसला होता.

त्यानंतर मी तो गुरुवार पुन्हा मनाशी मांडून पाहिला. प्रभू देहानं इथंच राहिला असता तर तो एका वेळी एकाच गावात असता. बेथानीत असता तेव्हा कफर्णहूमात नसता. लाजाराच्या बहिणींना निरोप पाठवून वाट बघावी लागली होती, तशी आपल्या सगळ्यांना रांग लावून बघावी लागली असती, आणि बीड जिल्ह्यातल्या एका उघड्या डोंगरापर्यंत तो कधी पोचला असता? त्याचं जाणं म्हणजे हात काढून घेणं नव्हतं. शुभवर्तमानात सांगितलंय की जाताना त्याचे हात आशीर्वाद देण्यासाठी उंचावलेले होते. ते हात त्यानं खाली घेतल्याचं मला तरी कुठं लिहिलेलं सापडलं नाही.

काळजी गेली असं मी म्हणणार नाही. ती अजून आहे. कामावर असताना फोन वाजला की आधी घरचा नंबर आहे का ते बघतो. पण शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी दाराची बाहेरची कडी काढली. भोकं बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, तिचा डाग अजून दिसतो. कुलूप दुकानात परत दिलं. आणि मग मला जे सगळ्यांत अवघड वाटत होतं ते केलं. गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, की आमच्या आईला आठवण राहत नाही, मी एकटा तिला सांभाळायला पुरा पडत नाही, तुम्ही लक्ष ठेवाल का. लपवून ठेवलेली गोष्ट लोकांना आधीच माहीत होती. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "कवापासून ठेवतोय की. तुमीच कधी इचारलं न्हाई."

आता ती सकाळी निघते. शिंप्याच्या दुकानाशी थोडा वेळ बसते, पुढं सलीमभाईच्या घरी जाते, तिथं त्याची बायको तिला चहा देते आणि निवडायला तांदूळ देते. दुपारपर्यंत कोणी ना कोणी तिला घरी आणून सोडतं. आजपर्यंत सोडलेलं आहे. उद्याचं मी सांगू शकत नाही, आणि उद्याचं सांगता येत नाही हे मान्य करूनच रोज सकाळी दार उघडतो. समर्पण याला म्हणत असतील तर ते फार शांत मनानं होत नाही.

परवा तिनं पुन्हा विचारलं, "अण्णा कुठं गेले रं?"

"प्रभूजवळ," मी म्हणालो.

"अन् प्रभू कुठंय?"

माझी नजर सवयीनं पत्र्याकडं जाणार होती. तेवढ्यात बाहेरून सलीमभाईच्या बायकोची हाक आली, "खाला, येताव ना? चहा गार व्हायलाय." आईनं पदर सावरला, चपला पायात घातल्या आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता ती निघाली. मी दारात उभा राहून तिच्याकडं बघत होतो, ती गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत. मग हात जोडले, आणि दार उघडंच ठेवून कामाला गेलो.